तीन, चेहरा दे

४ जानेवारी

प्रिय मावशीस,
सा. न. वि. वि.

मी पोचले. खोली मिळाली, खोलीला खिडकी आहे आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. एवढं आईला फोनवर सांगून झालं. आता जे आईला सांगितलेलं नाही ते तुला लिहिते.

नोकरी लागली असं मी घरी म्हटलंय. ती लागलेली नाही, लावून बघतायत. मार्चअखेर साहेब ठरवणार, मला ठेवायचं की परत पाठवायचं. बाबांनी निघतानाच सांगून ठेवलंय, जमलं नाही तर दुकानात ये आणि गिऱ्हाइकांना बिजागऱ्या दाखव. मावशी, मला बिजागऱ्या दाखवायच्या नाहीत.

पहिले काही दिवस कॅमेऱ्याला हातसुद्धा लावू दिला नाही. फक्त केबल गुंडाळायची. तीही वाटेल तशी नाही. एक वेढा सुलटा, एक उलटा, नाहीतर केबलला पीळ पडतो, आणि केबलला पीळ पडला की उस्तादांच्या कपाळाला आठ्या पडतात. उस्ताद म्हणजे इथले सर्वांत जुने कॅमेरावाले. बोलतात कमी आणि बघतात फार.

मग तिसऱ्या कॅमेऱ्यावरचा माणूस नोकरी सोडून लग्नांचं शूटिंग करायला गेला आणि तो कॅमेरा माझ्या गळ्यात आला. दर गुरुवारी सकाळी अकराला इथून डॉक्टरीणबाईंचा आरोग्यावरचा कार्यक्रम थेट दाखवतात. समोर लोक बसलेले असतात. पहिला कॅमेरा बाईंवर, दुसरा सगळ्या मंचावर, आणि तिसरा, म्हणजे माझा, लोकांच्या चेहऱ्यांवर. साहेब आतल्या खोलीत तिन्ही चित्रं बघत बसतात आणि हेडफोनमधून आमच्या कानात बोलतात. ज्या कॅमेऱ्याचं चित्र ते घेतात त्याच्यावर लाल दिवा लागतो. लाल दिवा लागला की हलायचं नाही. शिंक आली तर गिळायची.

माझ्या पहिल्या गुरुवारी साहेब सारखे म्हणत होते, "तीन, चेहरा दे. तीन, चेहरा दे." मी एक दिला, तर तो गृहस्थ किल्लीने कान कोरत होता. दुसरा सापडला, छान मान डोलावत ऐकणारा. लाल दिवा लागला आणि त्याची हनुवटी छातीवर टेकली ती टेकलीच. बाई तेव्हा हृदयविकारावर बोलत होत्या. साहेब कानात म्हणाले, "तीन, तो माणूस जिवंत आहे ना बघ जरा."

तुला फोन करत नाही कारण काका तो स्पीकरवर टाकतात. तेव्हा पत्रच लिही.

तुझी,
टिचकी

९ जानेवारी

चि. टिचकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोन कागद एकाच बाजूने लिहिलेस. कागदाला मागची बाजूही असते, तीही त्याच पैशांत येते.

तुझा कार्यक्रम या गुरुवारी पाहिला. अकरा वाजता तुझे काका वाचनालयात असतात, त्यामुळे टीव्ही माझ्या ताब्यात. देवाला हात जोडले आणि तू कधी दिसतेस याची वाट बघत बसले. अर्धा तास झाल्यावर लक्षात आलं की तू दिसणार नाहीस, तू दाखवणार आहेस. मग पुन्हा पहिल्यापासून बघावं म्हटलं, तर ते मागे जात नाही.

लोक दाखवलेस ते पाहिले. अगं, ते लोक ऐकायला आलेलेच नाहीत. बाहेर ऊन आणि आत गार हवा, म्हणून बसलेत. एकीने तर पिशवीतून शेंगा काढून सोलल्या. ऐकणारा माणूस कसा बसतो हे मला माहीत आहे. आयुष्यभर प्रवचनं, शाळेची संमेलनं आणि तुझे काका ऐकत आले आहे.

तर मी असं ठरवलंय की गुरुवारी मीच येऊन बसावं. बस थेट आहे. तुझ्या काकांना सांगेन की गुडघ्याच्या इलाजाला जाते. हे खोटं नाही. गुडघा दुखतोच, आणि बसच्या पायऱ्या चढून-उतरून त्याला व्यायाम होईल.

चहा मिळतो का तिथे, की घरून नेऊ?

तुझी,
मावशी

१३ जानेवारी

प्रिय मावशीस,
सा. न. वि. वि.

येऊ नकोस. फाटकावर ठळक लिहिलंय, कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना प्रेक्षकांत प्रवेश नाही. माझ्या आधीच्या माणसाने एका गुरुवारी अख्खी सासुरवाडी आणून बसवली होती. सासूबाई कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत राहिल्या आणि बाई म्हणत होत्या की मूळव्याध लपवू नका. तेव्हापासून नियम आहे. पकडलं गेलं तर मार्चची वाटसुद्धा बघणार नाहीत.

तेव्हा येऊ नकोस.

तिसऱ्या रांगेत मधोमध जी खुर्ची असते तिच्यावर दिवा अगदी बरोबर पडतो, हे मी फक्त माहिती म्हणून लिहितेय. पांढरं काही घातलं तर कॅमेऱ्याचे डोळे दिपतात, आणि बारीक चौकटी घातल्या तर पडद्यावर मुंग्या चालल्यासारखं दिसतं, हीसुद्धा माहितीच. फाटकावर दरवान नाव विचारतो, नातं विचारत नाही.

आणि कोणीही नात्यातलं तिथे समोर आलं तर मी त्या व्यक्तीला ओळखत नाही. त्या व्यक्तीनेही मला ओळखू नये.

चहा मिळतो. पातळ असतो.

टिचकी

ता. क. गेल्या गुरुवारी साहेब म्हणाले, या मुलीला फक्त झोपलेली माणसं सापडतात. हसून म्हणाले. पण ते हसून बोलले की उस्ताद खाली बघतात.

१९ जानेवारी

चि. टिचकीस,
अनेक आशीर्वाद.

मी आले नव्हते, हे तुला माहीतच आहे.

जी बाई आली होती तिला तुमचा स्टुडिओ काही फारसा आवडला नाही. टीव्हीवर बाईंच्या मागे केवढी पुस्तकांची भिंत दिसते. जवळून बघितलं तर तो कागद चिकटवलेला. कुंडीतलं झाड प्लॅस्टिकचं, आणि त्या बाईने चहाचा उरलेला घोट त्यात ओतल्यावर ते तिच्या लक्षात आलं. आधी थोडं तरी पुसायचं होतं कोणी, धुळीचा थर होता. गारठा इतका की शाल अंगभर लपेटावी लागली. आणि दिवे किती लावता गं तुम्ही? भर दिवसा. मी काही मोजले नाहीत, मोजले असते तर जीव गेला असता.

तू मात्र शाबास. मोठ्या कॅमेऱ्याच्या मागे तुझी नुसती कोपरं दिसत होती. मी मुद्दाम तुझ्याजवळ येऊन विचारलं, "काय हो, हात धुवायला कुठे जायचं?" तर तू "डावीकडे" म्हणालीस, वर बघितलंसुद्धा नाहीस. एक क्षण मलाच शंका आली की ही दुसरीच कोणाची मुलगी.

येताना बिस्किटांचा पुडा देतात तो घेतला. तुझ्या काकांना चहाबरोबर दिला. म्हणाले, गुडघ्यावाल्याकडे बिस्किटं देतात? म्हटलं, चांगला माणूस आहे.

चेहरा बरा आला का ते कळव.

मावशी

२४ जानेवारी

मावशी, मावशी,

नमस्कार वगैरे नंतर.

बरा आला का म्हणून काय विचारतेस? बाई यकृताबद्दल बोलायला लागल्या आणि मी कॅमेरा तुझ्यावर आणला, तर तू अशी बसली होतीस की मीच विसरले मी कुठे आहे. नजर स्थिर, ओठ जरासे हलताहेत, जणू बाईंचा शब्द न् शब्द मनात म्हणून बघतेयस. आणि पित्तरस आला तिथे तुझ्या डोळ्यांत पाणी. साहेब कानात म्हणाले, "तीन, या बाईंवरून हलू नकोस." मग पाच मिनिटांनी पुन्हा, "तीन, त्या बाई आहेत ना अजून?" मावशी, इतक्या दिवसांत ते माझ्याशी पहिल्यांदा खुशीत बोलले.

कार्यक्रम संपल्यावर डॉक्टरीणबाई मेकअप पुसता पुसता म्हणाल्या, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी खरंच ऐकतंय. तिसऱ्या रांगेतल्या त्या काकूंकडे बघूनच मी बोलत होते.

लोकांचे फोन आले. त्या ऐकणाऱ्या बाई कोण, म्हणून.

पुढच्या गुरुवारी बाई पचनावर बोलणार आहेत. तू कसं केलंस गं हे? यकृताचं इतकं काय मनाला लागलं? तुला काही होत तर नाही ना? खरं सांग.

तुझीच,
टिचकी

२८ जानेवारी

चि. टिचकीस,
अनेक आशीर्वाद.

मला काही होत नाही. यकृत कुठल्या बाजूला असतं तेही मला सांगता येणार नाही.

आता तुला म्हणून सांगते, आणि हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. बाईंची पहिली दोन वाक्यं मी ऐकली. मग मनात आलं की तासभर नुसतं बसायचंच आहे, तर तो तास वाया कशाला घालवायचा? शालीखाली बोटं मोकळीच होती. नामस्मरण सुरू केलं. घरी एवढं निवांत कुठे होतं? कुकर असतो, दारावरची घंटा असते, हे असतात. तिथे त्या गारव्यात आणि शांततेत इतकं छान लागलं म्हणून सांगू, की बाई कधी थांबल्या ते टाळ्या वाजल्या तेव्हा कळलं. डोळ्यांतलं पाणी तुमच्या त्या दिव्याचं.

तेव्हा पचनाचंही असंच होईल. तुला चालत असेल तर मला काय.

एक अडचण झालीय. आमच्या वरच्या मजल्यावरच्या शिलाईवालीने मला टीव्हीवर पाहिलं. तुझ्या काकांना सांगणार नाही, पण मलाही घेऊन चल म्हणते. आता ती रोज जिन्यात गाठून अर्थपूर्ण हसते. न्यावं लागणार. ती वही घेऊन येईल, सगळं उतरवून घेईल आणि मधे मधे हात वर करील. तिला बोलायला फार लागतं. कॅमेऱ्यात घेऊ नकोस, आधीच ब्लाउजची शिलाई वाढवून बसलीय.

मावशी

२१ फेब्रुवारी

प्रिय मावशीस,
सा. न. वि. वि.

मधले गुरुवार कसे गेले ते तू पाहिलंसच, म्हणजे तिथे बसली होतीस. पचन, पाठदुखी, सर्दी, सगळ्याला तू तशीच तल्लीन. मी आता हॉलमध्ये गेले की सरळ तिसऱ्या रांगेवर कॅमेरा लावते, तो हलू नये म्हणून असलेली कडी घट्ट करते आणि सुखात उभी राहते. साहेब खूश, बाई खूश.

काल उस्ताद माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, कडीला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "हा कॅमेरा कोण चालवतंय?" म्हटलं, "मी." म्हणाले, "मला वाटलं भिंतीला ठोकलाय." आणि गेले.

मावशी, मला रात्रभर ते वाक्य सोडेना. खरंच तर आहे. तुझ्याशिवाय मी एक चेहरा शोधलेला नाही.

आणि आता त्याहून वाईट. लोकांची इतकी पत्रं आली की डॉक्टरीणबाईंनी ठरवलंय, मार्चच्या शेवटच्या गुरुवारी त्या ऐकणाऱ्या काकूंशी थेट कार्यक्रमात बोलायचं. विषय झोप. मी काय सांगितलं ते काकूंनी त्यांच्या शब्दांत सांगावं, अशी त्यांची इच्छा आहे. त्याच दिवशी चॅनेलचे मोठे मालक आतल्या खोलीत साहेबांच्या शेजारी बसणार. त्याच संध्याकाळी माझं ठरणार.

मावशी, तुझ्या पाया पडते. त्या दिवशी फक्त एक तास नाम बाजूला ठेव आणि बाईंचं ऐक. मी विषय आधी लिहून पाठवू का? पाठ करशील?

टिचकी

२ मार्च

चि. टिचकीस,
अनेक आशीर्वाद.

नाम बाजूला ठेव म्हणायला तो काय पाट्यावरचा वरवंटा आहे? तरीपण तुझ्यासाठी प्रयत्न केला.

ऐकण्याचा सराव करावा म्हणून परवा जेवताना तुझ्या काकांचं मन लावून ऐकायला बसले. ते पाण्याच्या बिलाबद्दल सांगत होते. मीटर बदलला इथपर्यंत मला आठवतंय. मग ते आमटी वाढ म्हणाले तेव्हा मी जागी झाले. जीभ आपली आपण सुरू होते गं. काल शिलाईवालीवर प्रयोग केला. तिचं तर पहिलं वाक्यसुद्धा संपेना.

विषय लिहून पाठवू नकोस. पाठ केलेलं म्हणणं म्हणजे ऐकल्याचं सोंग, आणि विचारलं तर देवाचं नाव घेणाऱ्या तोंडाने खोटं कसं बोलू? गुडघ्याची गोष्ट वेगळी, तिथे गुडघा तरी आहे.

न येणं मला सोपं आहे. पण बाईंनी जाहीर केलंय आणि खुर्ची रिकामी दिसली तर ती तुझ्याच कॅमेऱ्यात दिसेल. तेव्हा येते. मी सगळी ताकद लावून ऐकेन. जमलं तर जमलं. न जमलं तर तू काय ते बघ, कॅमेरा तुझ्या हातात आहे.

शिलाईवालीने त्या दिवसासाठी नवीन वही घेतलीय.

मावशी

२८ मार्च

प्रिय मावशीस,
सा. न. वि. वि.

काल तू टाळ्या थांबायच्या आत शिलाईवालीला ओढत बसस्टॉपकडे निघून गेलीस. काय झालं ते तुला माहीतच नाही अशी मला दाट शंका आहे. म्हणून सगळं लिहिते. कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहितेय.

बाई बोलायला लागल्या तेव्हा तू खरोखर ऐकत होतीस. मला कॅमेऱ्यातून दिसत होतं, कपाळाला आठी, मान पुढे, अगदी वर्गातल्या हुशार मुलीसारखी. साहेब कानात म्हणाले, "आज त्या काकूंना काय झालंय, अवघडल्यासारख्या का दिसतात?" थोड्या वेळाने आठी गेली. मान मागे टेकली. नजर स्थिर झाली. साहेब म्हणाले, "हां, आता आल्या मूळपदावर." मी मात्र शाल बघितली. शालीखाली बोटं चालू झालेली मला दिसली.

मग बाई थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "तर काकू, तुम्ही इतकं मनापासून ऐकता. लवकर झोप यावी म्हणून मी आत्ता जे सांगितलं, त्यातलं तुम्ही आज घरी काय करून बघाल?"

माझ्यावर लाल दिवा लागला. साहेब म्हणाले, "तीन, धर. काही झालं तरी हलू नकोस." कानातच त्यांच्यामागून एक अनोळखी आवाज आला, मालकांचा असणार, "अच्छा, ह्याच का त्या?"

तू बाईंकडे प्रेमाने बघत होतीस. ओठ हलत होते. बाईंना वाटलं तू विचार करतेयस. मला वाटलं तू आता जागी होशील. मावशी, तू नव्हतीसच तिथे. कॅमेऱ्यात एवढा मोठा चेहरा, आणि घरात कोणी नाही.

तेवढ्यात चौकटीच्या डाव्या कडेने एक बोट आत आलं. शिवणाच्या सुईने टोचलेलं, खरबरीत. शिलाईवालीने हात वर केला होता.

लाल दिव्यात हलायचं नाही. पहिल्या दिवसापासून दुसरं काही शिकवलंच नव्हतं. मी कडी सैल केली आणि कॅमेरा डावीकडे ओढला. साहेब ओरडले, "तीन, काय करतेस?" चित्र क्षणभर धूसर झालं. मला तिचा हात दिसेना, चित्र स्पष्ट करायचं चाक कुठलं तेही कळेना. मग आपोआप फिरवलं आणि ती लख्ख समोर आली. उठून उभी राहिलीच होती.

म्हणाली, "मी सांगू का? मी सगळं लिहून घेतलंय. दिवे मालवायचे, फोन लांब ठेवायचा, श्वास मोजायचा. घरी सगळं करते मी. पण बाई, खोटं कशाला बोलू, मला सर्वांत छान झोप तुमच्या या खुर्चीत लागते. मागे एकदा सर्दी ऐकता ऐकता लागली, ती या काकूंनी उठवलं तेव्हा उघडली."

पहिल्या रांगेतली बाई फिस्सकन हसली. तिच्यावर गेले. तिच्या शेजारच्याने तोंडावर रुमाल धरला, त्याच्यावर. हसू रांगेतून सरकत होतं आणि मी त्याच्या मागे, कधी थोडी उशिरा, कधी बरोबर वेळेवर. किल्लीने कान कोरणारे आजोबा पण होते, त्यांना तर ठसका लागला. साहेब बोलायचे बंद झाले होते. लाल दिवा चालू होता. डॉक्टरीणबाई स्वतः खुर्चीचा हात धरून हसत होत्या, ते पहिल्या कॅमेऱ्याने घेतलं आणि लाल दिवा परत माझ्याकडे आला. त्या म्हणाल्या, "अहो, मग माझा कार्यक्रम औषध म्हणूनच लिहून द्यायला हवा." सगळा हॉल हसत होता आणि सरकत सरकत मी तिसऱ्या रांगेत आले, तर तिथे तू. सगळ्या हसणाऱ्या माणसांत एकटी शांत, तल्लीन. मावशी, ते बघून आतल्या खोलीत काय झालं ते मी हेडफोनमधून ऐकलं. मालकांना पाणी द्यावं लागलं.

आणि आता नीट बसून वाच. मी तिथून शेवटच्या रांगेकडे गेले. दाराजवळच्या खुर्चीवर एक गृहस्थ वर्तमानपत्रात तोंड लपवून खदखदा हसत होते. वर्तमानपत्र खाली आलं. काका होते.

साहेब नंतर खाली आले. त्यांनी विचारलं, "तुला धरून ठेव म्हटलं होतं. का हललीस?"

मी म्हटलं, "समोर कोणी नव्हतं."

"त्या बाई होत्या की."

"त्या तिथे नव्हत्या, साहेब."

त्यांनी विचारलं, "आणि हे तुला कसं कळलं?"

आता खोटं काय बोलणार? म्हटलं, "माझी मावशी आहे ती."

मागून उस्ताद म्हणाले, "नाक सारखंच आहे. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं." साहेब त्यांच्यावर उखडले, मग बोलला का नाहीत म्हणून. उस्ताद म्हणाले, "ही तिला कधी सोडते ते बघायचं होतं."

मला ठेवलंय, मावशी. कागदावर सही झाली. तिसरा कॅमेराच देणार, पण आता कडी काढून टाकलीय उस्तादांनी. आणि दुसरं असं की तुला हॉलमध्ये यायला कायमची बंदी. नियम तो नियम. दरवानाला तुझं नाक दाखवून ठेवलंय.

तुझी,
टिचकी

१ एप्रिल

चि. टिचकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मावशीआधी माझ्या हातात पडलं. ती देवापुढे बसली होती. वाचलं, क्षमस्व. अभिनंदन.

तुझ्या मावशीचा गुडघा ज्या महिन्यापासून नेमका गुरुवारी दुखायला लागला, त्याच महिन्यात वाचनालयासमोरच्या न्हाव्याने नवा टीव्ही लावला. दाढी करून घेताना आरशात बघतो तर तिसऱ्या रांगेत आमचं माणूस. दुकानातले सगळे म्हणायला लागले, काय ऐकतायत हो बाई, शिकावं यांच्याकडून. मी साबण लावलेल्या तोंडाने म्हटलं, त्या काहीही ऐकत नाहीयेत. कोणी विश्वास ठेवेना. इतकी वर्षं रोज जेवताना मी त्याच चेहऱ्यासमोर बसतो आहे, मला कळणार नाही?

बोललो नाही, कारण बिस्किटं चांगली होती. आणि खरं सांगायचं तर गुरुवारी ती घरी यायची तेव्हा फार मजेत असायची.

शेवटच्या गुरुवारी तुझा निकाल आहे हे शिलाईवालीने जिन्यात सांगून टाकलं, म्हणून आलो. तुझ्या बाबांनाही दुकानातला टीव्ही लावायला सांगितलं होतं. त्यांचा नंतर फोन आला. म्हणाले, ती हसण्याच्या मागे मागे जात होती ती आपली का? हो म्हटलं. मग म्हणाले, बिजागऱ्या दाखवायला माणूस बघतो.

काका

४ एप्रिल

चि. टिचकीस,
अनेक आशीर्वाद.

भर कार्यक्रमात सख्ख्या मावशीला सोडून शिलाईवालीकडे वळलीस. चार दिवस माझा तुझ्यावर राग होता म्हणून पत्र उशिरा. ती आता जिन्यात वही उघडून उभी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला झोपेचे उपाय सांगते. लोकांनी तिला ओळखलं. मला कोणी ओळखलं नाही, कारण मी म्हणे हसले नाही. हसण्यासारखं काय झालं होतं ते मला तुझ्या पत्रातून कळलं, आणि मग मी एकटीच स्वयंपाकघरात इतकी हसले की फोडणी करपली.

तुझे काका आता मला जेवताना मधेच विचारतात, "मी काय म्हणालो?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा सांगता येईना, आणि शेजारी हात वर करायला कोणी नव्हतं. म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकलं. वाईट नव्हतं.

बंदी घातलीत ते बरंच झालं, बसभाडं वाचलं. सही झाली हे देवाला सांगितलं. तुझ्या आईलाही सगळं सांगितलं, ती माझ्यावर रागावली आणि मग तिनेच आजूबाजूला सांगितलं.

काल गुरुवारी आम्ही दोघं घरीच टीव्हीसमोर बसलो. हे विचारत होते, यात टिचकी कुठली? म्हटलं, थांबा. एक बाई दाखवली, मग एक म्हातारे, मग एका तरुण मुलीवर चित्र आलं. ती काही करत नव्हती, नुसती ऐकत होती. दुसरा कोणी असता तर पुढे गेला असता. चित्र तिच्यावरून जरासं पुढे गेलं, अडखळलं, मागे आलं आणि थांबलं. आणि मग ती मुलगी अशी काही हसली की हे सुद्धा पेपर खाली ठेवून बघायला लागले. मी ह्यांना म्हटलं, "ही आपली."

हे म्हणाले, "कशावरून? दुसरं कोणी असेल."

मी टीव्हीचा आवाज वाढवला. पण टिचके, त्या वेळी कॅमेऱ्यावर तू नसशील, तर मात्र मला कळवू नकोस.

तुझी,
मावशी